लिनक्सवर यूएसबी मोडेमचा ड्रायव्हर बसत नाही: नेमके कोठे अडले आहे?

नवशिका यांचा प्रश्न

नमस्कार. मी नुकताच विंडोज सोडून लिनक्सकडे वळलो आहे. डेबियनवर आधारित एक वितरण (लिनक्सचा तयार संच) संगणकावर बसवले असून त्याचे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ५.१५ या आवृत्तीचे आहे. इंटरनेटसाठी माझ्याकडे सिमकार्ड घालून वापरायचा यूएसबी मोडेम, म्हणजे आपण ज्याला डोंगल म्हणतो, तेवढे एकच साधन आहे. विंडोजवर ते लावताच त्याचे सॉफ्टवेअर आपोआप उघडत असे आणि एक कळ दाबली की जोडणी होत असे. लिनक्सवर मात्र डोंगल लावले की पडद्यावर सीडीचे चिन्ह येते. ती सीडी उघडल्यावर विंडोजची सेटअप फाइल आणि ‘लिनक्स’ नावाचा एक फोल्डर दिसतो.

त्या फोल्डरमधील इन्स्टॉल नावाची स्क्रिप्ट मी सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवली. प्रथम तिने कर्नलच्या हेडर फाइली सापडत नसल्याची तक्रार केली. त्या फाइली मिळवायच्या तर इंटरनेट हवे, आणि इंटरनेट मिळवायचे तर हा मोडेम चालायला हवा, अशी कोंडी झाली. अखेर दुसऱ्या संगणकावरून हेडरची पॅकेजे पेनड्राइव्हवर आणून बसवली. आता स्क्रिप्ट पुढे सरकते, परंतु संकलन (मूळ संहितेचे चालवता येणाऱ्या रूपात रूपांतर) सुरू झाल्यावर बऱ्याच चुका दाखवून थांबते. त्यांतील पहिली चूक ‘इनिट_टायमर’ नावाचे फंक्शन घोषित केलेले नाही, अशी आहे. सी भाषा मला येत नाही, त्यामुळे ही चूक माझ्या संगणकाची आहे की त्या स्क्रिप्टची, हेही मला ठरवता येत नाही. मोडेम बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळावर नवा ड्रायव्हर उपलब्ध नाही. मी कर्नल जुने करावे का, की दुसरे एखादे वितरण बसवावे? मला लिनक्स सोडायचे नाही, पण इंटरनेटशिवाय त्यावर कोणतेच काम होत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

कर्नल_वाचक यांचे उत्तर

कर्नल जुने करू नका आणि वितरणही बदलू नका. सर्वांत आधी त्या सीडीवरील स्क्रिप्टचा नाद सोडा. तुमच्या संगणकात कोणताही दोष नाही. ‘इनिट_टायमर’ हे फंक्शन कर्नलच्या ४.१५ या आवृत्तीत, म्हणजे २०१८ च्या आरंभी, काढून टाकण्यात आले आणि त्याच्या जागी दुसरी पद्धत आली. तुमच्या डोंगलवरील ड्रायव्हर त्याआधीच्या कर्नलसाठी लिहिलेला आहे आणि त्यानंतर त्याला कोणी हात लावलेला दिसत नाही. ही पहिली चूक दुरुस्त केली तरी तिच्या मागे आणखी काही उभ्या राहतील, कारण कर्नलचे अंतर्गत व्यवहार आवृत्तीगणिक बदलत असतात आणि कर्नलबाहेर ठेवलेला ड्रायव्हर त्या बदलांबरोबर आपोआप सुधारला जात नाही.

आता मूळ मुद्दा. विंडोजच्या सवयीमुळे ‘उपकरण चालत नाही, म्हणजे ड्रायव्हर बसवायला हवा’ असे वाटणे स्वाभाविक आहे. लिनक्सवर यूएसबी मोडेमच्या बाबतीत मात्र बहुधा ड्रायव्हर आधीच कर्नलमध्ये असतो. ‘ऑप्शन’, ‘क्यूएमआय-डब्ल्यूवॅन’, ‘सीडीसी-एसीएम’, ‘सीडीसी-ईथर’ आणि ‘सीडीसी-एमबीआयएम’ या मोड्यूलांमध्ये (कर्नलला जोडता येणाऱ्या सुट्या भागांमध्ये) बाजारात मिळणारे बहुतेक मोडेम सामावतात. (यांतील ‘ऑप्शन’ हे नाव एका मोडेम-उत्पादक कंपनीचे आहे, तो ड्रायव्हर ऐच्छिक आहे असा त्याचा अर्थ घेऊ नये.) म्हणून ड्रायव्हर कोठून आणावा हे शोधण्याऐवजी, मोडेम आणि इंटरनेट यांच्यामधल्या कोणत्या पायरीवर घोडे अडले आहे, ते शोधावे लागते.

तुमच्या बाबतीत ते अगदी पहिल्याच पायरीवर अडले आहे, आणि पडद्यावर येणारे सीडीचे चिन्ह हाच त्याचा पुरावा आहे. अशा डोंगलला दोन रूपे असतात. संगणकाला जोडल्याबरोबर ते स्वतःची ओळख सीडी-रॉम म्हणून करून देते, जेणेकरून विंडोजला त्यातील सेटअप फाइल लगेच सापडावी. ते सॉफ्टवेअर एकदा बसले की ते डोंगलला एक ठरावीक संदेश पाठवते. तो मिळताच डोंगल यूएसबीवरून क्षणभर नाहीसे होते आणि दुसऱ्या ओळखक्रमांकाने, या वेळी मोडेम म्हणून, परत येते. लिनक्सवर हा संदेश कोणीच पाठवला नाही, तर कर्नलपुढे मोडेम कधी येतच नाही, आणि मग कोणताही ड्रायव्हर बसवला तरी त्याला पकडण्यासाठी समोर काही नसते.

हा संदेश पाठवण्याचे काम ‘यूएसबी-मोडस्विच’ नावाचा छोटा कार्यक्रम करतो. त्याच्याबरोबर ‘यूएसबी-मोडस्विच-डेटा’ नावाचे दुसरे पॅकेज असते. कोणत्या डोंगलला कोणता संदेश पाठवायचा याची यादी त्यात असते. ही दोन्ही पॅकेजे आणि ती ज्यांवर अवलंबून आहेत ती पॅकेजे तुम्ही हेडर फाइली आणल्या तशीच पेनड्राइव्हवर आणू शकता. अँड्रॉइड फोन हाताशी असेल, तर त्याहून सोपा मार्ग म्हणजे फोन यूएसबी तारेने संगणकाला जोडून त्यातील यूएसबी टेदरिंग सुरू करणे. त्यासाठी लागणारा ड्रायव्हरही कर्नलमध्येच असल्यामुळे संगणकाला ती नेहमीच्या तारेच्या नेटवर्कसारखी जोडणी दिसते, आणि तेवढ्या वेळात पॅकेजे उतरवून घेता येतात.

त्याआधी आणि त्यानंतर पुढील तपासणी करावी. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहीत आहे. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांतच लिहाव्या लागतील. डोंगल लावून ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्या. प्रत्येक उपकरणाच्या ओळीत विसर्गचिन्हाने जोडलेले चार-चार अंकाक्षरांचे दोन गट दिसतील. पहिला गट उत्पादकाचा आणि दुसरा उपकरणाचा असतो. उदाहरणार्थ, हुवावेच्या अनेक डोंगलांचा क्रमांक सीडीच्या रूपात १२डी१:१४४६ असतो आणि मोडेमच्या रूपात आल्यावर त्यातील दुसरा गट बदलतो. तुमच्या डोंगलची ओळ कागदावर उतरवून ठेवा. त्यानंतर ‘एलएसयूएसबी -टी’ ही आज्ञा दिली की त्याच उपकरणापुढे सध्या कोणता ड्रायव्हर कार्यरत आहे हे दिसेल. तेथे ‘यूएसबी-स्टोरेज’ एवढेच दिसत असेल, तर माझे निदान बरोबर आहे असे समजा.

पॅकेजे बसवल्यानंतर डोंगल काढा, कर्नलचा लॉग दाखवणारी ‘सुडो डीएमईएसजी -डब्ल्यू’ ही आज्ञा चालू ठेवून ते पुन्हा लावा आणि येणाऱ्या ओळी शांतपणे वाचा. आधी सीडीची ओळ, मग उपकरण तुटल्याची ओळ, मग नव्या क्रमांकाचे उपकरण आल्याची ओळ, आणि शेवटी ‘जीएसएम मोडेम (१-पोर्ट) कन्व्हर्टर’ हा ‘टीटीवाय-यूएसबी०’ या सीरियल पोर्टला, म्हणजे मोडेमशी बोलण्याच्या दाराला, जोडला गेल्याची ओळ दिसली, तर ड्रायव्हरचा प्रश्न तेथेच संपला. त्या ओळी येथे जशाच्या तशा द्याव्यात. ‘चालत नाही’ या दोन शब्दांपेक्षा कर्नलच्या चार ओळींवरून आम्हाला कितीतरी अधिक कळते.

जुनी_तार यांचे उत्तर

इतका खटाटोप करण्याची गरज नसावी. मी पूर्वी असे मोडेम एकाच आज्ञेने चालवत असे. ‘एलएसयूएसबी’मध्ये दिसणारे दोन क्रमांक घ्यावेत आणि ‘सुडो मॉडप्रोब यूएसबीसीरियल’ या आज्ञेपुढे ‘व्हेंडर’ आणि ‘प्रॉडक्ट’ या नावांनी ते लिहावेत. लगेच पोर्ट तयार होतो आणि मग डब्ल्यूव्हीडायल हा नंबर फिरवणारा कार्यक्रम वापरून जोडणी करता येते.

कर्नल_वाचक यांचे उत्तर

जुनी_तार यांनी सुचवलेला उपाय एके काळी सर्वत्र सांगितला जात असे आणि त्याने अनेकांचे काम झालेले आहे, हे खरे आहे. तरीही तो आज अनुसरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक तर डोंगल अजून सीडीच्या रूपातच असताना त्याचे क्रमांक देऊन ही आज्ञा चालवली, तर एखादा पोर्ट तयार झाल्यासारखा दिसला तरी त्याच्या पलीकडे मोडेम नसतो, आणि नवशिक्या माणसाचा सगळा वेळ त्या निरुपयोगी पोर्टशी झगडण्यात जातो. दुसरे म्हणजे, या आज्ञेने जो ‘जेनेरिक’ ड्रायव्हर जोडला जातो तो केवळ चाचणीसाठी आहे. तो लागू होताच कर्नल स्वतः लॉगमध्ये तसा इशारा देते आणि उपकरणाची नोंद योग्य त्या ड्रायव्हरमध्ये करून घेण्यासाठी यूएसबीच्या विकसकांना कळवावे, असेही सुचवते. वेगवान मोडेमसाठी ‘ऑप्शन’ ड्रायव्हरमध्ये जी व्यवस्था आहे ती ‘जेनेरिक’मध्ये नसल्यामुळे वेगही कमी मिळतो.

मोडेम आपल्या खऱ्या रूपात आला आहे, पण त्याचा क्रमांक कर्नलच्या यादीत नाही, असे कधीकधी घडते. तेव्हा ‘ऑप्शन’ मोड्यूल चालू करून ‘/सिस/बस/यूएसबी-सीरियल/ड्रायव्हर्स/ऑप्शन१/न्यू_आयडी’ या फाइलमध्ये मोडेमचे दोन्ही क्रमांक लिहावेत. मात्र तेही तात्पुरतेच समजावे, कारण असे केल्याने मोडेमचे नेटवर्कसाठी राखलेले अंगही ‘ऑप्शन’च्या ताब्यात जाण्याची शक्यता असते.

सीरियल_पोर्ट यांचे उत्तर

वरील विवेचनात एक भर घालतो. काही नवे डोंगल रूप बदलल्यावर सीरियल पोर्ट दाखवतच नाहीत. ते स्वतःच एका लहान राउटरसारखे काम करतात आणि संगणकाला केवळ एक नेटवर्क कार्ड दिसते. तुमचे डोंगल त्या जातीचे निघाले, तर ‘टीटीवाय-यूएसबी०’ची वाट पाहत बसू नका. ‘आयपी ॲड्रेस’ ही आज्ञा देऊन नवे नेटवर्क कार्ड आले आहे का ते पाहा. हुवावेच्या हायलिंक प्रकारात १९२.१६८.८.१ हा पत्ता ब्राउझरमध्ये उघडला की मोडेमचे पान दिसते, आणि एपीएन (सेवादात्याच्या इंटरनेट-प्रवेशाचे नाव), पिन वगैरे सर्व काही तेथेच भरायचे असते. अशा डोंगलच्या बाबतीत मोडेममॅनेजर (मोडेम सांभाळणारी लिनक्सची सेवा) आणि डब्ल्यूव्हीडायल या दोहोंची गरज उरत नाही.

नवशिका यांचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनापासून आभार. कर्नल_वाचक यांचे निदान अचूक निघाले. आधी ‘एलएसयूएसबी -टी’मध्ये डोंगलसमोर ‘यूएसबी-स्टोरेज’ एवढेच होते. फोनवरून टेदरिंग करून दोन्ही पॅकेजे बसवली आणि डोंगल पुन्हा लावले. या वेळी सीडीचे चिन्ह क्षणभर येऊन गेले आणि लॉगमध्ये ‘जीएसएम मोडेम (१-पोर्ट) कन्व्हर्टर’ असे शब्द असलेल्या तीन ओळी आल्या. त्यांच्या शेवटी अनुक्रमे ‘टीटीवाय-यूएसबी०’, ‘१’ आणि ‘२’ असे लिहिले आहे. कोणताही ड्रायव्हर न बसवता हे झाले, याचे मला फार आश्चर्य वाटले.

आता पुढची अडचण. जुनी_तार यांच्या सूचनेतील डब्ल्यूव्हीडायल मी बसवले. ते चालवल्यावर पोर्ट उघडण्याची परवानगी नाही, असा संदेश आला. सुडो लावून चालवले, तर उपकरण दुसऱ्या कोणाच्या वापरात आहे, असा संदेश येतो. माझ्याशिवाय या संगणकावर दुसरे कोणीही नाही. शिवाय तीन पोर्टांपैकी कोणता पोर्ट वापरायचा, हेही मला उमगत नाही.

सीरियल_पोर्ट यांचे उत्तर

दोन्ही संदेश वेगवेगळ्या कारणांचे आहेत, म्हणून ते वेगळे ठेवूनच पाहू.

परवानगीचा प्रश्न साधा आहे. डेबियन कुळातील वितरणांत सीरियल पोर्ट ‘डायलआउट’ नावाच्या गटाच्या मालकीचे असतात. ‘सुडो यूजरमॉड -एजी डायलआउट’ या आज्ञेपुढे आपले वापरकर्तानाव लिहून स्वतःला त्या गटात घाला. आज्ञेत ‘ए’ लहान आणि ‘जी’ मोठे असावे लागते. ‘ए’ विसरला, तर तुम्ही इतर सर्व गटांतून बाहेर फेकले जाल आणि त्यात सुडोचा गटही असू शकतो, तेव्हा ही आज्ञा दोनदा वाचून मगच एंटर दाबावा. नंतर लॉगआउट करून पुन्हा आत यावे, कारण चालू सत्राला नवा गट लागू होत नाही.

पोर्ट ज्याच्या वापरात आहे, तो बहुधा मोडेममॅनेजर असतो. ही सेवा पार्श्वभूमीला चालू असते आणि मोडेम दिसताच त्याचे पोर्ट स्वतःकडे घेऊन चाचपते. म्हणजे एकाच मोडेमवर दोन कार्यक्रम हक्क सांगत आहेत. दोघांपैकी एकाचीच निवड करावी लागेल, आणि मी मोडेममॅनेजर निवडण्याचा आग्रह धरीन. डब्ल्यूव्हीडायल हा चांगला कार्यक्रम आहे, पण तो पीपीपी या जुन्या डायल-अप पद्धतीने नंबर फिरवून जोडणी करतो. मोडेममॅनेजर मोडेमची कुवत ओळखून क्यूएमआय किंवा एमबीआयएम यांसारखे वेगवान मार्ग असल्यास ते वापरतो, तीन पोर्टांपैकी कोणता कशासाठी आहे हे स्वतः शोधतो, आणि नेटवर्कमॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या सेवेशी जोडलेला असल्यामुळे पडद्याच्या कोपऱ्यातील नेटवर्कच्या चिन्हावरूनच जोडणी चालू-बंद करता येते.

‘एमएमसीएलआय -एल’ (येथे ‘एल’ मोठे लिहावे) ही आज्ञा द्या. मोडेमचे नाव आणि शेवटी एक अंक दिसेल, बहुधा शून्य. मग ‘एमएमसीएलआय -एम ०’ (‘एम’ लहान) ही आज्ञा द्या आणि ‘स्टेट’ या शब्दापुढे काय लिहिले आहे ते वाचा. ‘लॉक्ड’ असेल, तर सिमकार्डाला पिन आहे. ‘एमएमसीएलआय -आय ०’ या आज्ञेपुढे पिन देऊन ते उघडता येते, पण पिन नक्की ठाऊक असल्याशिवाय देऊ नये, कारण तीनदा चुकल्यास सिम पीयूके (सिम उघडण्याचा वेगळा सांकेतिक क्रमांक) मागू लागते आणि आगीतून निघून फुफाट्यात पडल्यासारखे होते. ‘फेल्ड’ असून कारण सिम नसल्याचे दिले असेल, तर सिम नीट बसले आहे का ते पाहावे. ‘रजिस्टर्ड’ असेल, तर मोडेमने नेटवर्क गाठले आहे आणि आता फक्त जोडणीची माहिती देणे बाकी आहे.

त्या माहितीत खरा महत्त्वाचा असतो तो एपीएन. नेटवर्कमॅनेजरमध्ये मोबाइल ब्रॉडबँडची नवी जोडणी करताना सेवा पुरवणाऱ्यांची यादी येते आणि त्यातून एपीएन आपोआप भरला जातो, परंतु ती यादी एका वेगळ्या पॅकेजातून येत असल्यामुळे कधीकधी शिळी असते. तुमच्या सेवादात्याने दिलेला एपीएन अक्षरशः तसाच लिहावा. मोडेम ‘रजिस्टर्ड’ दिसतो आणि तरीही ‘कनेक्टेड’ होत नाही, तेव्हा सर्वांत आधी एपीएनच तपासावा.

मोडेम जिवंत आहे का, हे स्वतः हाताने पाहायचे असल्यास एक जुनी पण अत्यंत खात्रीची रीत आहे. ‘सुडो सिस्टीमसीटीएल स्टॉप मोडेममॅनेजर’ या आज्ञेने ती सेवा थांबवावी (मोडेममॅनेजर या नावातील दोन्ही ‘एम’ मोठे असतात) आणि ‘स्क्रीन’ किंवा ‘मिनिकॉम’ या कार्यक्रमाने एकेक पोर्ट उघडून ‘एटी’ ही दोन अक्षरे टंकून एंटर दाबावा. ज्या पोर्टवर ‘ओके’ असे उत्तर येईल तो आज्ञा ऐकणारा पोर्ट. उरलेल्यांपैकी एखादा निदानासाठी राखलेला असतो आणि तो गप्प राहतो. त्यावरून मोडेम बिघडला असे समजू नये. ‘एटीआय’ लिहिल्यास मोडेम आपले नाव सांगतो, ‘एटी+सीपिन?’ लिहिल्यास सिमची स्थिती कळते, आणि ‘एटी+सीएसक्यू’ला मिळणारा पहिला आकडा ० ते ३१ मध्ये असतो. तो जितका मोठा तितका संकेत जोरदार, आणि ९९ म्हणजे संकेताची मोजणी झालेली नाही. हेज कंपनीने १९८१ मध्ये आपल्या स्मार्टमोडेमसाठी ठरवलेली ही आज्ञांची पद्धत आजच्या डोंगलातही तशीच ऐकू येते, याचे मला दर वेळी कौतुक वाटते. पाहून झाल्यावर मोडेममॅनेजर पुन्हा सुरू करण्यास विसरू नये.

शोधयात्री यांचा प्रश्न

याच विषयाशी निगडित एक शंका विचारतो. माझ्या जुन्या संगणकात दूरध्वनीच्या तारेला जोडायचा, आत बसवलेला पीसीआय मोडेम आहे. मला तो फॅक्स पाठवण्यासाठी वापरायचा आहे. त्यालाही कर्नलमध्येच ड्रायव्हर असेल का? मी ‘एलएसपीसीआय’ दिल्यावर तो ‘कम्युनिकेशन कंट्रोलर’ म्हणून दिसतो.

जुनी_तार यांचे उत्तर

दुर्दैवाने येथे वरचा सगळा दिलासा लागू पडत नाही. आत बसवायच्या पीसीआय मोडेमांपैकी बरेचसे ‘सॉफ्टमोडेम’ असतात. लोक त्यांना ‘विनमोडेम’ही म्हणत. स्वस्तात देता यावे म्हणून त्यांच्यातील संकेतप्रक्रियेची चिप काढून टाकलेली असते आणि ते काम संगणकाच्या प्रोसेसरकडून ड्रायव्हरमार्फत करून घेतले जाते. म्हणजे मोडेमचा निम्मा भाग त्या ड्रायव्हरमध्येच असतो, आणि तो भाग उत्पादकांनी बहुधा उघड केला नाही. ल्युसेंटच्या, स्मार्ट लिंकच्या आणि कोनेक्संटच्या चिपांसाठी लिनक्सवर ड्रायव्हर निघाले होते, पण त्यांतील गाभ्याचा भाग संकलित स्वरूपातच मिळत असे आणि ते त्या काळच्या कर्नलांपुरते राहिले. कोनेक्संटसाठीच्या लिनक्संटच्या ड्रायव्हरची विनामूल्य आवृत्ती तर १४.४ किलोबिटांच्या वेगापर्यंतच चालत असे.

त्या कार्डावर वेळ खर्च न करता सीरियल तारेने जोडायचा बाहेरचा मोडेम शोधावा, असे मी सुचवीन. तशा मोडेममध्ये सर्व प्रक्रिया आतच होत असल्यामुळे त्याला ड्रायव्हर लागतच नाही. विंडोजवर जो पोर्ट कॉम१ म्हणून ओळखला जातो तो येथे ‘टीटीवाय-एस०’ असतो, आणि वर सांगितलेली ‘एटी’ची परीक्षा त्यावर थेट करता येते. यूएसबीचाच हवा असेल, तर सीडीसी-एसीएम या प्रमाणित पद्धतीने बोलणारा घ्यावा. तो लावताच ‘टीटीवाय-एसीएम०’ म्हणून दिसू लागतो. फॅक्सचे काम या दोन्ही प्रकारांनी होऊ शकते, मात्र विकत घेण्याआधी मोडेममध्ये फॅक्सची सोय असल्याची खात्री करून घ्यावी.

नवशिका यांचा प्रतिसाद

जोडणी झाली आहे. ‘स्टेट’पुढे ‘रजिस्टर्ड’ होते आणि यादीतून आलेला एपीएन चुकीचा होता. सेवादात्याने दिलेला एपीएन लिहिताच ‘कनेक्टेड’ झाले. मात्र संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की कधी मोडेम लगेच जोडला जातो, तर कधी ‘एमएमसीएलआय -एल’मध्ये मोडेमच दिसत नाही. दोन्ही वेळचे लॉग मी शेजारी ठेवून पाहिले. जोडणी होते तेव्हा ‘जीएसएम मोडेम (१-पोर्ट) कन्व्हर्टर’ असे येते. होत नाही तेव्हा त्याच ठिकाणी नुसते ‘जेनेरिक कन्व्हर्टर’ असे येते आणि त्याच्या वर चाचणीसंबंधीचा इशारा असतो. ‘यूएसबीसीरियल’ची ती आज्ञा मी कधीही दिलेली नाही.

कर्नल_वाचक यांचे उत्तर

लॉग शेजारी ठेवून पाहिलात, हे फार चांगले केलेत. त्यामुळे उत्तर जवळजवळ तुमच्याच हाती आले आहे. ती आज्ञा तुम्ही दिलेली नसली, तरी तुमच्या वतीने दुसरे कोणीतरी ती देत आहे, आणि माझा दाट संशय डोंगलच्या सीडीवरील त्या स्क्रिप्टवर आहे. अशा स्क्रिप्टा ड्रायव्हरचे संकलन सुरू करण्याआधीच यूडेव्हचा (उपकरण जोडल्यावर काय करायचे हे ठरवणाऱ्या सेवेचा) एखादा नियम प्रणालीत ठेवून देतात. संकलन फसले, तरी आधी ठेवलेली फाइल तेथेच राहते. आता मोडेम आला की ‘ऑप्शन’ आणि ‘जेनेरिक’ हे दोन्ही ड्रायव्हर त्याच्यासाठी उभे राहतात आणि जो आधी पोहोचेल त्याच्या ताब्यात तो जातो. कधी चालतो, कधी चालत नाही, याचे कारण हेच असावे.

ती स्क्रिप्ट कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, चालवू मात्र नका. ‘सीपी’ने सुरू होणाऱ्या ओळी शोधा, कोणती फाइल कोठे नेऊन ठेवली, हे त्यांतून कळेल. विशेषतः ‘/ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी’ आणि ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’ हे दोन फोल्डर पाहा आणि ज्या फाइलीत ‘यूएसबीसीरियल’ हा शब्द व तुमच्या मोडेमचा क्रमांक असेल ती तेथून हलवून आपल्या घरच्या फोल्डरमध्ये ठेवा. लगेच पुसून टाकू नका; अंदाज चुकला, तर ती परत ठेवता यायला हवी. ‘/ईटीसी/मोड्यूल्स’ या फाइलीतही तशी ओळ नाही ना, याची खात्री करा. त्यानंतर ‘सुडो यूडेव्हॲडम कंट्रोल --रीलोड’ आणि ‘सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू’ या आज्ञा देऊन संगणक पुन्हा सुरू करावा. दुसरी आज्ञा यासाठी, की मॉडप्रोबच्या (मोड्यूल चालू करणाऱ्या आज्ञेच्या) फाइलींची जुनी प्रत, संगणक सुरू होताना कर्नल जी छोटी आरंभीची प्रतिमा वापरते, तिच्यात राहिलेली असू शकते.

नवशिका यांचा प्रतिसाद

‘/ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी’मध्ये तशी फाइल सापडली. तिच्यात एकच ओळ होती आणि तिच्यात माझ्या डोंगलच्या क्रमांकासह ‘मॉडप्रोब यूएसबीसीरियल’ असे स्पष्ट लिहिले होते. तिची तारीखही मी स्क्रिप्ट चालवली त्याच दिवसाची आहे. ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’ आणि ‘/ईटीसी/मोड्यूल्स’ यांत काही नव्हते. फाइल हलवून दोन्ही आज्ञा दिल्या. त्यानंतर संगणक जेव्हा जेव्हा सुरू केला, तेव्हा लॉगमध्ये ‘जीएसएम मोडेम’ हेच शब्द आले आणि मोडेम न चुकता जोडला गेला. हा प्रतिसाद त्याच जोडणीवरून पाठवत आहे.